लंगड्याचा वाटा

तारकर्ली,
५ नोव्हेंबर १९६३

चि. सत्यवान यास,

तुझं पत्र पोचलं. चार पानं आहेत. त्यांतली साडेतीन तुम्ही तिथे जमिनीतून उकरता त्या मेलेल्या जनावरांवर, आणि अगदी शेवटी, कागदाची कड संपत आली तिथे, "बाबा कसे आहेत? बाय, तू कशी आहेस?" असं बारीक अक्षरात. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्यांची एवढी विचारपूस आणि जिवंत माणसांना एक ओळ. बरं, विचारलंस तर खरं. आता ऐक.

बाबांचा पाय मोडला. भाद्रपदात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला रापणीचं जाळं टाकायची होडी चिखलात बसली, आणि साठी उलटलेल्या माणसाने खाली उतरून तिला खांदा लावायचं ठरवलं. होडी कलंडली, पाय तिच्याखाली सापडला. बाबांना ओढायला दाजी उतरले, ते कमरेपर्यंत रुतले. दाजींना ओढायला त्यांचा पुतण्या बाबू उतरला, तोही रुतला. एक रुतलेला दिसतोय, तर दुसऱ्याने दोरी आणावी, फळी टाकावी. पण नाही, एकेकजण उडी मारतोय. शेवटी आम्ही बायकांनी दोर टाकला आणि तिघांना बाहेर काढलं. दाजी आमच्या रापणीचे तांडेल, सगळ्या वाडीचं डोकं म्हणायचं त्यांना. त्या दिवशी त्या डोक्यावर वीतभर चिखल होता.

मालवणच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला. हाड सांधेल म्हणाले, पण अंगात काही गेलं तर. आणि तिथेच सगळं अडलंय. अमेरिकेत तू विसरला असशील म्हणून सांगते: रापणीत, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्यांत, कोणी दुखणाईत झाला की त्याचा मासळीचा वाटा रोज त्याच्या उंबऱ्यावर येतो, तो परत किनाऱ्यावर जाऊन दोरीला हात लावीपर्यंत. बाबांनी स्वतः कितीजणांच्या उंबऱ्यावर असे वाटे नेऊन ठेवलेत. पण बाबू आपल्या दारात बांगडे ठेवून गेला तेव्हा आतून ओरडले, "मी काय म्हातारो कुत्रो आसंय, उंबऱ्यार टाकलेला खावक?" तेव्हापासून एक मासा तोंडात घातलेला नाही. पेज आणि लोणच्याची फोड, बस्स. मी एकदा म्हटलं, हा बाजारातून आणलाय. वास घेऊन म्हणाले, "बाजारात इतको ताजो बांगडो नसता." मी रोज मालवणच्या बाजारात बसून मासे विकते, आणि माझा बाप पेजेवर वाळतोय. नुसत्या पेजेवर हा माणूस पुढचा पाऊस बघणार नाही, हे मला दिसतंय. मी हात टेकलेत.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, कारण घरात दुसरं वाचण्यासारखं काही नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझं नाव घेतलं की तसंच करतात, तू गेलास तेव्हापासून. मी वाचत राहिले. होडीहून लांब जनावरं, दोन पायांवर चालणारी, मांस खाणारी, हातांना आकड्यांसारख्या नख्या. एकाच खड्ड्यात लहानमोठी कितीतरी सापडलेली, म्हणून ती कळपाने राहत होती की काय असा तुम्हा लोकांचा वाद. मग तू लिहिलंयस की त्यातल्या एकाच्या मांडीचं हाड मोडून पुन्हा जुळलेलं आहे. तिथे भिंतीकडून आवाज आला.

"मगे तेका खावक कोणी घातल्यान?"

तीन वर्षांत तुझ्या संदर्भात ते एवढं पहिल्यांदा बोलले. तेव्हा कृपा करून त्याचं उत्तर पाठव.

तुझी बाय,
मथुरा


तारकर्ली,
२० जानेवारी १९६४

चि. सत्यवान यास,

तुझं उत्तर आलं. "निश्चित सांगता येत नाही."

एवढा समुद्र ओलांडून गेलास, दोन वर्षं ती हाडं ब्रशने घासतोयस, आणि तुला एवढं सांगता येत नाही? हाड जुळलंय म्हणजे मोडल्यावर ते जनावर बरेच दिवस जगलं, हे तुला मान्य. मोडक्या पायाने त्याला शिकार करता आली नसावी, हेही जवळपास मान्य. पण म्हणून इतरांनी त्याला खाऊ घातलं असं म्हणता येत नाही. त्याने कदाचित उष्टंखरकटं खाल्लं असेल, कदाचित ही जनावरं एकेकटीच राहत असतील आणि फक्त मढ्यावर भांडायला जमत असतील. कदाचित. तुझ्या पत्रात "कदाचित" मोजायला बसले तर दिवस जाईल.

मी हे बाबांना वाचून दाखवलेलं नाही. मी वाचलं ते असं: "बाबांना सांग, त्याला बाकीच्यांनी खाऊ घातलं. शिकार झाली की त्याच्या पुढ्यात आणून टाकायचे."

बाबा वळले. पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.

"रोज घालीत?"

"रोज."

"आणि तो खाय? तेका लाज नाय वाटली?"

"जनावराला कसली लाज, बाबा. भूक लागली की खायचा."

त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आज काय इला उंबऱ्यार?" मी बांगड्याचं तिखलं केलं. दोन बांगडे खाल्ले, काटे चोखून ताटाच्या कडेला लावले, पहिल्यासारखे. मी चुलीपाशी जाऊन तोंडात पदर घालून रडले, हेही तुला सांगते, म्हणजे तुला कळेल की इथे काय चाललंय.

पण माझ्या डोक्याला नवीन ताप झालाय. त्यांचं एका उत्तराने भागत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तो लंगडो बसान खाय, मगे कळपाक तेचो उपेग काय?" काहीतरी सांगायला हवं म्हणून मी म्हटलं, बाकीचे शिकारीला गेले की तो पिल्लं राखायचा. त्याचं नाव पडलंय लंगडा. आता रोज संध्याकाळी लंगड्याची चौकशी. पिल्लं किती? दोन. पाऊस लागला तर कुठे जात? गुहेत. चोरून खाणारा कोणी असला तर त्याचं काय करीत? मासे विकून आल्यावर मला तुझ्या जनावरांचा संसार चालवावा लागतो. परवा त्यांनी पिल्लांची नावं विचारली.

तेव्हा पुढच्या पत्रात मला घालता येईल असं काहीतरी लिही. आजाऱ्याला सोडून जात होती की थांबत होती, पिल्लं कोण सांभाळायचं, असलं काहीतरी. "बहुधा" लिहिलंस तरी चालेल. "निश्चित नाही" नको. त्याच्यावर माणूस जेवत नाही.

मथुरा


तारकर्ली,
१२ एप्रिल १९६४

सत्यवान,

वर 'चि.' लिहायचं राहिलं नाही, मुद्दाम लिहिलं नाही.

तीन वर्षांनी बापाच्या नावाने पाकीट पाठवलंस. मी बाजारात होते. पोस्टमनने ते बाबांच्या हातात दिलं, आणि बाबांनी रस्त्याने चाललेल्या बाबूला हाक मारली. परदेशी पाकीट, स्वतःच्या नावाचं. ते उशाखाली ठेवून माझी वाट बघवली नसेल त्यांना. बाबूने उंबऱ्यावर बसून सगळं खणखणीत आवाजात वाचलं. निम्म्या वाडीने ऐकलं.

मला वाटलं होतं, पहिलंच पत्र बापाला, त्यात काय असेल? पाय कसा आहे? माझं चुकलं? निदान सणाला आठवण येते? नाही. त्यात आहे दुरुस्ती. "बाय तुम्हाला जे वाचून दाखवते ते माझ्या लिहिण्याला धरून नाही, आणि चुकीची समजूत राहणं मला बरं वाटत नाही." मग पूर्ण दोन पानं. की त्या खड्ड्यात पूर्वी दलदल असावी. एखादं मोठं गवतखाऊ जनावर रुतलं असावं, त्याला खायला एक मांसखाऊ गेला असावा, तो रुतला, मग दुसरा, मग तिसरा, असे एकामागोमाग एक. की काही हाडांवर त्यांच्याच जातीच्या दातांच्या खुणा आहेत, म्हणजे ती एकमेकांनाही खात असावीत. की कळप होता याला पुरावा नाही. आणि खाली सही.

तू खोटं लिहिलं नाहीस हे मला कळतं. तुझ्या गुरूंना तुझा अभिमान वाटेल. पण अरे, आग लागो त्या खरेपणाला, तुला दुसरं कोणी सापडलं नाही का?

मी घरी आले तेव्हा पाकीट उशाशी होतं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "पिल्लां पण नाय?"

त्या दिवसापासून पुन्हा पेज. उंबऱ्यावरचा वाटा मांजरं खातात. हाड जुळत आलं होतं, काठी घेऊन परसात जायला लागले होते, ते सगळं बंद. चौकट धरून उभे राहतात आणि परत आडवे होतात. दाजी येऊन बसले, तर त्यांनाही म्हणाले, "माजो वांटो आणू नको. जनावरां पण आणनत नाय." दाजी माझ्याकडे बघतात, मी छपराकडे.

मला तुझी आठवण येते आणि त्याचाच जास्त राग येतो. तू गेलास तेव्हा मसुऱ्याच्या सासरहून मी पांढरं कपाळ घेऊन परत आले होते, मला वाटलं होतं भाऊ आहे. तू म्हणालास, "रापणीच्या जाळ्यातून माझा तुकडा काढून टाका, मला जन्मभर मासे ओढायचे नाहीत." बाबांनी तुझ्यादेखत सुरी घेऊन तो तुकडा जाळ्यातून सोडवला. प्रत्येक घराचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला शिवलेला, त्यातला एक उसवायचा म्हणजे काय, हे तुला समजलं नाही आणि त्यांनी समजावलं नाही. दोघे सारखेच. त्या तुकड्याचं बोचकं अजून माळ्यावर आहे. मी त्याखालून रोज वावरते.

तुझं म्हणणं खरं असेल. पण इथे बाप मरतोय. जमलं तर ये. नाही जमलं तर निदान काही लिहू नकोस.

मथुरा


तारकर्ली,
२ जुलै १९६४

चि. सत्यवान,

तू खरंच काही लिहिलं नाहीस. रागाच्या भरात बाई काहीतरी बोलते आणि तेवढंच नेमकं तू ऐकतोस. असो.

काय झालं ते सांगते, आणि सांगताना माझा मलाच विश्वास बसत नाही. मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी बाबा म्हणाले, तो कागद वाच. कुठला, मी विचारलं. "तेचो. खरो तसो वाच, घरचा काय घालू नको." मी वाचला. दलदलीशी आल्यावर म्हणाले, परत. परत वाचलं. पुन्हा म्हणाले, परत. मी वैतागून म्हटलं, बाबा, पाठ झालं मला.

"एकामागोमाग एक गेले म्हणता, मा?"

"हो."

"खावक गेले म्हणता?"

"तसंच लिहिलंय."

"तो थंय होतो बघूक?" मग कोपरांवर उठून बसले. "पयलो रुतलो. दुसरो तेका काडूक गेलो. तिसरो त्या दोघांका. चिखलात असाच जाता. दाजी काय माका खावक उतरल्लो?"

मी म्हटलं, बाबा, दातांच्या खुणा आहेत हाडांवर. तर त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर दाजींची नखं रुतल्याचे वण आहेत, अजून काळे दिसतात. "ओढताना लागताच," म्हणाले.

मी हसायला लागले ते थांबेनाच. खरं तर तुझी बाजू मी मांडत होते, लक्षात घे. म्हटलं, सत्यवान एवढा शिकलाय, विचार करूनच लिहिलं असेल त्याने. म्हणाले, "आसात. तेका तसा दिसला, माका असा दिसता." तुझंच बरोबर असण्याचा संभव जास्त आहे, असं माझं आपलं मत. खातही असतील एकमेकांना. कधी कधी आपल्या वाडीकडे बघून मला तेही पटतं. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, उंबऱ्यावर काय आलंय. पाऊस तोंडावर होता, होड्या वर ओढायला लागले होते, तरी बाबू चार तारल्या ठेवून गेला होता. चारही खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, माळ्यावरचं बोचकं काढ. वाटलं, आता जाळणार. मी म्हटलं, कशाला, राहू दे. "काड म्हटलंय तर काड." काढलं. उंदरांनी जागोजागी खाल्लंय. बाबा अर्धा दिवस ते मांडीवर पसरून नुसते बघत बसले, मग सुतळी मागितली. तेव्हापासून पडवीत बसून विणतायत. बाहेर पाऊस, घरभर सुतळीचे तुकडे, झाडून झाडून माझी कंबर गेली. काय करताय विचारलं की म्हणतात, "हात रिकामे आसत, म्हणान." तुझं नाव घेत नाहीत. मीही घेत नाही. मला वाटतं ते माझी गंमत बघतायत आणि मी त्यांची.

मथुरा


तारकर्ली,
२८ सप्टेंबर १९६४

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

नारळ सोडला, समुद्र निवळला, रापण लागली. तुझं पत्र नाही.

पहिल्या रापणीच्या आदल्या दिवशी बाबा काठी टेकत किनाऱ्यावर गेले, तुझा तुकडा बाबूच्या डोक्यावर देऊन. दाजी जाळं जोडत बसले होते. बाबांनी तुकडा त्यांच्यापुढे टाकला, आपल्या तुकड्याशेजारी जागा करायला लावली आणि स्वतः बसून तो शिवला.

दुसऱ्या सकाळी जाळं ओढलं. बाबा दोरीपाशी गेले. ओढण्याची ताकद नाही त्या पायात, कधी येणारही नाही, पण हात लावला. दाजी मोठ्याने म्हणाले, "भिकाजीचो हात लागलो रे," म्हणजे उंबऱ्यावरचा वाटा त्या दिवसापासून बंद. आता जाळ्यातल्या तुकड्याचा, किनाऱ्यावर बसून दोरी गुंडाळण्याचा, असा त्यांचा हक्काचा वाटा. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटलं, सुटले.

मग वाळूवर वाटे मांडायला लागले. बांगड्याचे ढीग, घराघराचे. शेवटी एक ढीग उरला आणि दाजींनी विचारलं, "हो कोणाचो?"

बाबा म्हणाले, "तुकडो जेचो तेचो."

"अरे, पण तो अमेरिकेत. हंय नसलेल्याक वांटो खंयचो?"

"दुखणाइताचो आसता मा?"

"तो दुखणाईत? तेका काय झाला?"

बाबा दोरी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "इतक्या वर्सांत बापाक एक कागद. तो पण जनावरांचो. हाताक कायतरी झाल्याबगर असा होयत? तो येयपर्यंत तेचो वांटो उंबऱ्यार ठेवा."

दाजी माझ्याकडे बघायला लागले. सगळी रापण उभी होती. दाजींनी बाबूला खूण केली, आणि बाबूने टोपली उचलली.

तेव्हापासून तुझा वाटा रोज दारात येतो. बाबा तो स्वतः खात नाहीत, मला विकू देत नाहीत, शेजारी देऊ देत नाहीत, मांजराला तर काठी. दुखणाइताचा वाटा आहे, त्याचाच. मग मी काय करणार? चिरते, मीठ भरते, मडक्यात घालते. दोन मडकी भरली, लोणच्याची बरणी रिकामी केली तीही भरली, आता पाण्याचा माठ तेवढा उरलाय. घराला बंदराचा वास येतो. काल मी बाबांना सरळ विचारलं, खारा बांगडा मिरगापर्यंत टिकतो, त्याच्यापुढे काय करायचं? तर म्हणाले, "मगे दुसरी रापण आसताच."

त्यांचं काही नाही, ते वाट बघतील. मीठ मी भरतेय. तुझी जनावरं चिखलात खायला गेली की काढायला गेली ते तुम्ही लोक सावकाश ठरवा, मला त्याचं काही नाही. माझ्याकडे आता मडकं नाही. ये आणि खा.

तुझी बाय,
मथुरा